नर्सरीतून आणलेला गुलाब दोन-तीन महिन्यांत का वाळतो, आणि वाळत चाललेला कसा वाचवायचा

दसऱ्याला नर्सरीतून गुलाब आणला. आणला तेव्हा त्यावर दोन फुलं आणि चार कळ्या होत्या. घरी मोठ्या कुंडीत लावला, शेणखत घातलं, रोज न चुकता पाणी घातलं. पहिला बहर संपला आणि पुढे नवी फूट आलीच नाही. खालची पानं पिवळी होऊन गळायला लागली. मग एक फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली उतरली, तिच्या मागून दुसरी. संक्रांतीपर्यंत कुंडीत नुसत्या काटक्या उरल्या.

पुण्यात गच्चीवर गुलाब लावायला लागले त्याला आता चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं माझं प्रत्येक नवं झाड याच क्रमाने गेलं. सोसायटीतल्या लोकांनी दाखवायला आणलेल्या कुंड्यांमध्येही दहापैकी सहा-सात वेळा मला हेच दिसतं. म्हणून आधी याच दुखण्याबद्दल लिहिते. बाकीची दुखणी नंतर घेऊ.

त्या तीन वर्षांत मी सगळे उपाय पानांवर केले. बुरशीनाशक फवारलं, कडुनिंबाचं तेल फवारलं, कांद्याच्या सालींचं पाणी घातलं. चौथ्या वर्षी मेलेलं झाड फेकण्याआधी कुंडी उलटी करून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. मी मोठ्या हौसेने तयार केलेल्या भुसभुशीत मातीत एकही मूळ गेलेलं नव्हतं. नर्सरीतून आलेला चिकणमातीचा गोळा मधोमध जसाच्या तसा होता, विटेसारखा घट्ट. सगळी मुळं त्याच्या आतच होती, काळी पडलेली.

या गोळ्याला माळी हुंडी म्हणतात. रोपं ट्रकमधून लांब जायची असतात. पुण्याकडे ती सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन परिसरातून येतात, बरीचशी थेट आंध्रातल्या कडियमहून येतात. प्रवासात हुंडी फुटली तर मुळं उघडी पडून रोप दगावतं, म्हणून ती चिकट मातीत बांधलेली असते. प्रवासासाठी ही रीत योग्यच आहे. पण तोच गोळा आपण हलक्या मातीच्या मधोमध ठेवला की अडचण सुरू होते. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. ते भोवतालच्या सैल मातीतून सरळ खाली उतरून भोकातून बाहेर पडतं, आणि गोळा आतून कोरडाच राहतो. किंवा उलट होतं: रोज रोज पाणी घालून गोळा एकदा पूर्ण भिजला की चिकणमाती ते पाणी सोडत नाही, आत हवा उरत नाही, आणि मुळं गुदमरून कुजतात.

दोन्ही प्रकारांत वरून झाड सारखंच दिसतं, मान टाकलेलं. मान टाकलेली दिसली की आपण आणखी पाणी घालतो. पहिल्या प्रकारात ते पाणी गोळ्यापर्यंत पोचत नाही, दुसऱ्यात ते झाडाला मारतं.

कुठला प्रकार आहे ते ओळखायला एक बांबूची काडी किंवा विणायची सुई घ्या. खोडापासून चार बोटांवर मातीत खुपसा, मग खोडाजवळ खुपसा. बाहेर सहज गेली आणि खोडाजवळ अडली, तर गोळा आत आहे. काडी पाच मिनिटं तशीच ठेवून बाहेर काढा. कोरडी निघाली तर तहान आहे. चिखल लागून आली आणि नाल्यासारखा वास आला, तर कूज सुरू झाली आहे. पानांवरूनही थोडा अंदाज येतो. तहानलेल्या झाडाची पानं कडेने कुरकुरीत होतात. कुजणाऱ्या झाडाची पानं मऊ राहून पिवळी पडतात आणि हात लावला की गळतात.

झाड जिवंत आहे का, ते आधी बघा

खोडावर नखाने हलकं खरवडा. सालीखाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर तेवढा भाग गेला. वरून खाली येत येत खरवडत जा. हिरवं कुठे सुरू होतं आणि ती जागा कलमाच्या सांध्याच्या वर आहे की खाली, हे फार महत्त्वाचं आहे. नर्सरीतले बहुतेक गुलाब जंगली गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट तळाच्या खोडावर, हव्या त्या जातीचा डोळा (जिथून फूट येते ती जागा) भरून केलेले असतात. खोडाच्या तळाशी जी गाठ दिसते ती सांध्याची. गाठीच्या वर दोन इंच जरी हिरवं असलं तरी तुमचा गुलाब परत येऊ शकतो. हिरवं फक्त गाठीच्या खाली असेल तर जगेल तो खुंट, तुम्ही आणलेला गुलाब नव्हे.

कितीतरी जण मला सांगतात की झाड एकदम जोमाने वाढायला लागलं, लांब लांब फांद्या आल्या, पण फूलच येत नाही. बहुतेक वेळा तो खुंटाचा फुटवा असतो. त्याची पानं वेगळी दिसतात, बारीक आणि पुष्कळदा सात दलांची. मात्र दलं मोजून निकाल लावू नका, कारण काही चांगल्या जातींनाही सात दलं असतात. माती थोडी बाजूला करून फांदी कुठून निघाली ते बघा. गाठीच्या खालून निघाली असेल तर ती खाली ओढून मुळापासून उपटा. वरवर कापली तर त्याच जागेतून तीन येतात.

गोळा कसा काढायचा

हे काम कडक उन्हाळ्यात करायचं नाही. पुण्यासारख्या हवेत जुलै-ऑगस्टमधली पावसाची उघडीप किंवा ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचे दिवस चांगले. एप्रिल-मेमध्ये झाड आणलंच असेल तर गोळा न फोडता जरा मोठ्या कुंडीत सरकवा आणि सावलीच्या कडेला ठेवून पावसाची वाट बघा.

आधी झाडावरची सगळी फुलं आणि कळ्या कापा. मन होत नाही, मला ठाऊक आहे. पण मुळं थोडा काळ काम करणार नसतात, तेवढ्या काळात फुलांना पोसायला झाडाकडे काही नसतं. फांद्याही एक तृतीयांश कमी करा. मग पिशवी कापून गोळ्यासकट झाड पाण्याच्या बादलीत अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. चिकणमाती आपोआप सुटायला लागते. बोटांनी हळूहळू, पाण्यातल्या पाण्यात मोकळी करा. ओढाताण करू नका, बारीक पांढरी मुळं हेच झाडाचं तोंड आहे. तीन चतुर्थांश माती निघाली तरी पुरे. शेवटची थोडी मुळांना चिकटून राहिली तर राहू द्या.

आता मुळं नीट दिसतील. पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि ताठ असतील ती चांगली. काळी, लिबलिबीत, साल हातात येणारी असतील ती स्वच्छ कात्रीने चांगल्या भागापर्यंत कापा. कूज जास्त असेल तर फांद्याही तेवढ्याच कमी करा, कारण राहिलेली मुळं तेवढंच झाड पोसू शकतात.

मातीचं माझं प्रमाण असं: दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचं तूस किंवा जाड वाळू, आणि वर मूठभर लिंबोळी पेंड. कोकोपीट वापरत असाल तर थोडंच, पावसाळ्यात ते फार पाणी धरून ठेवतं. शेणखत ओलं किंवा गरम लागलं तर ते घालू नका, कच्च्या खताने मुळं भाजतात आणि हुमणीही (मुळं खाणारी पांढरी अळी) येते. कुंडी बारा इंचांची, तळाला किमान तीन-चार भोकं, आणि खाली बशी नाही. दोन विटांवर कुंडी ठेवली की भोकं मोकळी राहतात. कलमाची गाठ मातीच्या वर दोन बोटं राहिली पाहिजे.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, इतकं की खालून वाहिलं पाहिजे. मग आठ-दहा दिवस उजेडाच्या सावलीत. या दिवसांत पानं गळतील. घाबरून खत घालू नका. नव्या मुळांना खताचं पाणी सोसत नाही. पेरभर तांबडी फूट दिसली की झाड लागलं असं समजा. त्यानंतर तीन-चार दिवसांत हळूहळू उन्हात आणा, आणि पुढे रोज निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या. पहिलं खत लावल्यापासून महिन्याने.

कुजलेली मुळं कापलेल्या झाडाला मी ट्रायकोडर्मा देते, चमचाभर पावडर मूठभर गांडूळखतात मिसळून खोडाभोवती. ही जिवंत बुरशी आहे, त्यामुळे तिच्याबरोबर त्याच मातीत तांबंयुक्त बुरशीनाशक ओतू नका, दोन्हींचे पैसे वाया जातात.

गोळा नाही, तरी झाड खंगतंय

तेव्हा एकच प्रश्न विचारा: दुखणं सुरू कुठून झालं? वरून, खालून, की नव्या पानांपासून?

शेंड्याकडून काळं पडत खाली येत असेल तर ती शेंडेमर. छाटणीच्या किंवा फूल तोडल्याच्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि फांदीतून खाली उतरते. काळा भाग जिथे संपतो तिथे कापू नका, त्याच्या खाली दोन इंच चांगल्या हिरव्या फांदीत कापा. कापल्यावर आतला गाभा बघा. पांढरा असेल तर ठीक, तपकिरी असेल तर आणखी खाली या. जखमेवर लगेच लेप लावा. कॉपर ऑक्सिक्लोराईडची पाण्यात कालवलेली घट्ट पेस्ट चालते. बोर्डो पेस्ट घरी करायची तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं वापरायचं नाही. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बघा. त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरा. आणि सिकेटर (छाटणीची कात्री) एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना पात्याला स्पिरिट लावा. पूर्वी मी हे करत नसे, आणि एकाच ऑक्टोबरमध्ये सात झाडांना ही मर माझ्याच हाताने पोचवली.

खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर आधी मुळं आणि पाणी तपासा. ते नीट असेल आणि संपूर्ण पान एकसारखं फिकट होत असेल तर नत्र कमी आहे.

याच्या उलट, अगदी नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसत असतील, तर लोह मिळत नाहीये. हे दुखणं बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर वाढणाऱ्या झाडांना फार होतं. आपल्याकडची काळी माती मुळातच चुनखडीची, वरून जड पाणी. गुलाबाला किंचित आम्ल माती आवडते, सामू (पीएच) सहा ते सातच्या दरम्यान. सामू चढला की मातीत लोह असूनही झाड ते उचलू शकत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो का बघा, तीच खूण. चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. मातीत टाकलेलं साधं लोह अशा मातीत परत अडकून बसतं. पावसाचं पाणी साठवता आलं तर गुलाबासाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही. आणि कृपा करून अशा कुंडीत अंड्याची टरफलं आणि चुना घालू नका. सगळीकडे सांगितला जातो हा उपाय, पण जिथे कॅल्शियम आधीच जास्त आहे तिथे तो दुखणं वाढवतो.

चहाच्या चोथ्याबद्दलही सांगते. दूध-साखरेसकट घातलेला चोथा मुंग्या आणि बुरशी घेऊन येतो. नीट धुऊन, वाळवून, महिन्यातून मूठभर घातला तर चालेल. त्याने आजारी झाड मात्र बरं होत नाही.

ऋतूप्रमाणे येणारी दुखणी

पावसाळ्यात काळे ठिपके. पानावर कडा झिरमिरलेले काळे गोल डाग, भोवती पिवळं, आणि पान गळतं. या बुरशीचा बीजाणू रुजायला पान सलग सहा-सात तास ओलं राहावं लागतं, म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी मारणं बंद करा. कुंड्यांमध्ये हात फिरेल एवढं अंतर ठेवा. गळलेली पानं रोज उचलून कचऱ्यात टाका, कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाआधी आणि नंतर उघडीप मिळेल तसं पंधरा दिवसांनी मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम. डाग पडलेलं पान परत हिरवं होत नाही, फवारणी फक्त नवी पानं वाचवते. पाकळ्यांचा गुलकंद करायचा असेल त्या झाडावर हे काहीही फवारायचं नाही.

पहिल्या वळवानंतर एका रात्रीत पानं कुरतडलेली दिसली तर ते हुमणीचे भुंगेरे. रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन जा आणि हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. आठवडाभर हे केलं की पुढे मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळ्या कुंडीत कमी होतात. पानाच्या कडेने नाण्यासारखे सुबक गोल कापलेले दिसले तर मात्र काही करू नका. ती पानकातर माशी, घरटं बांधायला तुकडे नेते, झाडाला तिच्यापासून धोका नाही.

थंडीत भुरी. कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर पीठ शिंपडल्यासारखं दिसतं, पानं मुडपतात. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारवा तिला मानवतो. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर. तापमान तिशीच्या पुढे जाऊ लागलं की गंधक बंद, पानं भाजतात. तेल फवारून पंधरा दिवस झाले नसतील तरी गंधक नको.

उन्हाळ्यात लाल कोळी, आणि मला सर्वांत जास्त झाडं यानेच गमवावी लागली आहेत. पानांची चमक जाते, बारीक फिकट ठिपके दिसतात, पान राखाडी-तांबूस होतं. पांढरा कागद खाली धरून पान झटका. बारीक ठिपके चालताना दिसले की खात्री झाली. हा कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातला जीव आहे. म्हणून मावा-फुलकिड्यांसाठीचं साधं कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरून तो वाढतो. कडक उन्हात त्याची एक पिढी साधारण आठवड्यात तयार होते, त्यामुळे एकदा करून सोडलेला उपाय निरुपयोगी. सकाळी पाइपाने पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाणी मारा, दोन-तीन दिवसांआड, तीन आठवडे. सकाळीच, म्हणजे पानं लगेच सुकतात. फार पसरला असेल तर दुकानातून कोळीनाशक असंच मागून आणा आणि बाटलीवरच्या प्रमाणातच वापरा, हातमोजे आणि मास्क लावून. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर हिरव्या जाळीची सावली द्या. सिमेंटच्या गच्चीची धग खालून लागते, तिथेही विटा उपयोगी पडतात.

जुन्या फांद्यांवर पांढरट खपल्या दिसल्या तर ती खवले कीड आहे. जुना दातांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा.

छाटणी आणि खत

पाऊस सरला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुख्य छाटणी करा. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढा, राहिलेल्या निम्म्यावर आणा, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या वर पाव इंच तिरका काप द्या. त्यानंतर दीड महिन्याने, कधी पन्नास दिवसांनी, फुलं येतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात दिसतात तसे टपोरे गुलाब या हिशेबानेच धरलेले असतात. खंगलेल्या झाडाची अशी कडक छाटणी करू नका. त्याचं मेलेलं तेवढंच काढा आणि पानं राहू द्या, कारण त्याचं अन्न पानांतच तयार होतं.

खत निरोगी झाडाला, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर लिंबोळी पेंड, काठाकाठाने. थंडीत कळ्या धरताना पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला दोन ग्रॅम.

नवीन रोप निवडताना फुलं बघू नका. तीन-चार जाड फांद्या, सांधा घट्ट, पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावणारी, आणि पानांच्या खालची बाजू स्वच्छ असेल ते घ्या. डच म्हणून विकले जाणारे मोठ्या फुलांचे गुलाब देखणे आहेत, पण नाजूक. पहिलाच गुलाब लावत असाल तर गावठी घ्या. तो स्वतःच्या मुळांवर वाढतो, वासाला गोड असतो आणि चुका सोसतो. आणलेलं रोप आठ दिवस बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा.

काहीच जमलं नाही तर

मुळं सगळी कुजली आहेत, पण वर एखादी फांदी अजून हिरवी आहे, अशा वेळी झाडाचा नाद सोडा आणि ती फांदी वाचवा. पेन्सिलीएवढी जाड, सहा-सात इंचांची काडी घ्या, तीन-चार डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. ओल्या वाळूत किंवा वाळू-कोकोपीटमध्ये निम्मी खोचा आणि सावलीत ठेवून वरून प्लॅस्टिकची बाटली तळ कापून उपडी घाला, झाकण सैल. पावसाळ्यात किंवा थंडीत पाच-सहा आठवडे लागतात. मोठ्या फुलांच्या जातींच्या काड्या कमी रुजतात, म्हणून एक नाही, मिळतील तेवढ्या लावा. वर फूट दिसली म्हणून उपटून बघू नका. काडीतल्या साठ्यावरही पानं फुटतात, मुळं मागाहून येतात. भांडं पारदर्शक घेतलं तर ती बाहेरूनच दिसतात.